शिळी फुलं मागणारा चित्रकलेचा वर्ग : मंगळवार पेठ, कोल्हापूर

कोल्हापुरात चित्रकला शिकायला जागा कमी नाहीत. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी यांचं हे गाव. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे, शिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेणारे घरगुती वर्ग जवळजवळ प्रत्येक पेठेत सापडतात. पण फक्त फुलं, आणि तीही उतरणीला लागलेली, तैलरंगात रंगवायला शिकवणारा वर्ग मला एकच माहीत आहे. मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर तो रविवारी सकाळी भरतो. पाटी नाही, जाहिरात नाही. शिकवणारे सर शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेत आणि आपलं नाव कुठं लिहू नये असं त्यांनी सांगितलंय, म्हणून इथं नुसतं 'सर' म्हणते. वर्ग फार चांगला आहे. तक्रारीही आहेत, त्या पुढं सांगतेच.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. आमचं महाद्वार रोडला फुलांचं दुकान आहे आणि या वर्गाला फुलं आमच्याकडून जातात. सर पैसे मोजून फुलं नेतात, मी पैसे मोजून शिकते. सवलत कुणाला नाही.

ओळख झाली ती फुलांमुळंच. सर शनिवारी रात्री दुकान आवरायच्या वेळेला यायचे आणि कालची फुलं मागायचे. आमच्या सासूबाई गल्ल्यावर असतात. त्या पहिल्यांदा चमकल्या. "गुरुजी, देवाला कालची चालत न्हाईत." सर म्हणाले, "देवाला नव्हे, आक्का. चित्राला." पुढं मग त्यांची पिशवी आम्ही वेगळी भरून ठेवायला लागलो. निशिगंधाच्या उरलेल्या काड्या, मान टाकलेला जरबेरा, कडा करपलेली शेवंती, न खपलेले डच गुलाब. या मालाला गिऱ्हाईक असतं हे मला लग्न होऊन या दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच दिसत होतं. शाळेत असताना मी इंटरमिजिएटपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यामुळं एका रविवारी पिशवी घेऊन मीच माडीवर गेले, टेबलावर मांडलेली फुलं बघितली, लोक काय करतात ते बघितलं आणि नाव घातलं.

आता वर्गात काय होतं ते. उत्तरेला मोठी खिडकी आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर टेबल, त्यावर काचेचं भांडं किंवा तांब्या, त्यात फुलं. सुरुवातीला रंग उघडायचेच नाहीत. कागदावर फक्त लिहायचं की यातलं कुठलं फूल आधी जाणार, कुठलं नंतर, कुठलं दिवसभर टिकणार. सरांचं एकच वाक्य वर्गात सारखं ऐकू येतं, "जाणारं आधी." जे पहिल्यांदा बदलणार ते पहिल्यांदा रंगवायचं. भांडं, टेबल, मागचा पडदा कुठं जात नाही.

हा क्रम लावणं ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या माणसाला जमत नाही. त्याला सगळीच फुलं सारखी नाजूक वाटतात. पारिजातक रात्री उमलतो, पहाटे गळतो आणि ऊन वर येईपर्यंत त्याची पांढरी पाकळी पाणी प्यायलेल्या कागदासारखी होते. देठाचा केशरी तेवढा टिकून राहतो. म्हणजे पारिजातक टेबलावर असेल तर बाकी सगळं बाजूला. जास्वंद एका दिवसाची. सकाळी उघडलेली संध्याकाळी मिटून गुंडाळली जाते, आणि मिटताना तिचा लाल जांभळ्याकडं झुकतो. सोनचाफ्याला बोट लागलं की तिथं तपकिरी डाग पडतो, तो हळूहळू पसरत जातो. जरबेऱ्याची पाकळी चांगली असते पण फुलाच्या खालीच दांडा वाकतो, म्हणून पाकळीच्या आधी दांड्याची रेघ पक्की करायची. झेंडू सगळ्यात शेवटी घ्या, तो वाळला तरी रंग सोडत नाही, फक्त अंग चोरून बसतो. हे सगळं मला धंद्यामुळं ठाऊक होतं. कुठला माल आधी काढायचा आणि कुठला उद्यापर्यंत दम धरेल, यावर तर फुलाऱ्याचं घर चालतं. पण ते चित्रात कसं आणायचं हे मला इथं कळलं.

निशिगंधाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण या वर्गातलं सगळ्यात चांगलं शिकवणं निशिगंधावरचं आहे. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते. खालची फुलं आधी उघडतात, आधी उतरतात. मधली भरात असतात. शेंड्याला अजून हिरवट कळ्या मिटलेल्याच. एका काडीवर फुलाचं सगळं आयुष्य एकाच वेळी दिसतं. हार करताना आम्ही खालची करपलेली फुलं खुडून टाकतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या नजरेला ती कधी पडत नाहीत. सर तीच राखायला सांगतात. मग एका काडीत किती पांढरे आहेत ते मोजायला लावतात. कळीचा पांढरा हिरवट, त्यात टेर व्हर्ट या मातकट हिरव्याचा जरासा हात. उमललेल्याचा पांढरा किंचित पिवळा, टायटॅनियम व्हाइटमध्ये पिवळ्या ओकरचा कण. उतरणाऱ्या फुलाची कडा आधी पिवळट तपकिरी रॉ सिएन्नाकडं जाते, मग गडद तपकिरी बर्न्ट अंबरकडं. काळा रंग पॅलेटवर ठेवायलाच मनाई. काळ्यानं केलेली सावली पांढऱ्या फुलाला मळकट करते, कोमेजल्याचा भास त्यातून येत नाही.

आणि यातली खरी खुबी रंग मिसळण्यात नाही, तो किती जाड लावायचा यात आहे. ताज्या पाकळीत पाणी भरलेलं असतं, ती उजेड परतवते, म्हणून तिथं पांढरा भरपूर, ब्रशच्या खुणा दिसतील असा लावायचा. पाकळीतलं पाणी गेलं की ती पारदर्शक व्हायला लागते, पलीकडचं तिच्यातून दिसायला लागतं. तिथं पांढरा कमी करत न्यायचा. शेवटच्या पाकळ्यांना तर जवळजवळ रंगच नाही. कॅनव्हासला सुरुवातीला दिलेला रॉ अंबरचा पातळ हात तसाच उघडा सोडायचा आणि फक्त कडा ओढायची. मी आधी उलट करायचे, म्हणजे सुकलेलं फूल गडद म्हणून त्याच्यावर रंग चढवत जायचे, कारण शाळेत तसंच शिकवलेलं. सरांनी एकदा जुन्या कॅनव्हासवर दोन्ही पाकळ्या शेजारी शेजारी करून दाखवल्या. जाड लावलेली सुकी पाकळी चामड्याची दिसत होती. पातळ ठेवलेली खरोखर गळायला आल्यासारखी होती. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी फी वसूल होते.

फोटो काढून घरी रंगवायला परवानगी नाही. फोनचा कॅमेरा पांढऱ्याला आपल्या मनानं सुधारतो. खिडकीच्या उजेडात निशिगंध निळसर येतो आणि दिव्याखाली पिवळा. त्याऐवजी पॅलेट नाइफच्या टोकावर मिश्रण घेऊन ते पाकळीच्या अगदी शेजारी धरायचं, डोळे बारीक करून बघायचं, जुळलं की पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठिपका द्यायचा आणि शेजारी वेळ लिहायची. सकाळी नऊचा गुलाब, अकराचा गुलाब, पुढच्या रविवारचा गुलाब. माझ्याकडं अशा पट्ट्यांचा गठ्ठा झालाय आणि तो मी चित्रांपेक्षा जपून ठेवते.

गुलाबाची पट्टी विशेष बघण्यासारखी असते. लाल गुलाब जुना झाला की जांभळा मारतो, हे प्रत्येक फुलाऱ्याला माहीत असतं. गिऱ्हाईक तो रंग बघून फूल परत करतं. कारण असं, की पाकळीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटपणात लाल असतं. पाकळी म्हातारी होताना तिच्यातली प्रथिनं मोडतात, रसाचा आंबटपणा कमी होतो, आणि तेच द्रव्य निळ्याकडं सरकतं. म्हणून सुकणाऱ्या गुलाबाला नुसता तपकिरी करून चालत नाही. आधी त्याच्यात अल्ट्रामरीनचा अंश जातो, तपकिरी नंतर कडेनं येतो. झेंडूचा रंग वेगळ्या जातीचा, कॅरोटिनॉइडचा, त्याला हा निळा फेरा नाही. सरांनी हे फळ्यावर न लिहिता दोन फुलं हातात देऊन सांगितलं, म्हणून डोक्यात राहिलं.

वर्गाला मीही एक गोष्ट दिली याचं मला समाधान आहे. पहिल्यांदा फुलं उतरायची वाट बघण्यात वेळ जायचा. डच गुलाब शीतगृहातून आलेला असला तर ढिम्म राहतो. फुलांच्या धंद्यात केळी आणि आंबे फुलांच्या जवळ ठेवत नाहीत, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात. मी सरांना म्हटलं, मग आपल्याला हवं तेच आहे की. आता शनिवारी रात्री काही काड्या पिकल्या केळ्यांबरोबर खोक्यात झाकून ठेवतात. कार्नेशनवर याचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो, पाकळ्या आत वळून फूल झोपल्यासारखं मिटतं. रविवारी टेबलावर एकाच जातीचं ताजं फूल आणि केळ्यांतलं फूल शेजारी मांडलेलं असतं.

रंगांच्या बाबतीत सर फार काटेकोर आहेत आणि यावरून वर्गातली काही मंडळी कुरकुरतात. मला त्यांचा काटेकोरपणा पटतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या ट्यूबा उलट्या करून बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचायला लावतात. ज्या ट्यूबवर क्रमांकच नाही ती बाजूला. सगळ्यात जास्त चौकशी गुलाबी आणि किरमिजी रंगांची होते. फुलं रंगवणाऱ्याला हेच जास्त लागतात आणि हेच सगळ्यात कच्चे असतात. ॲलिझरिन क्रिमझन, म्हणजे पीआर ८३, हा पूर्वी मंजिष्ठाच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळापासून मिळायचा. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. रंग देखणा, पण पांढऱ्यात पातळ करून लावला तर उजेडात उडतो. त्याच्या जागी सर क्विनाक्रिडोन घ्यायला लावतात, पीव्ही १९, जो १९५८ पासून बाजारात आहे आणि उन्हाला दाद देत नाही. काही कंपन्या 'परमनंट' शब्द जोडून ॲलिझरिनसारखा रंग विकतात, त्यावरही क्रमांक बघूनच विश्वास ठेवायचा.

हे नुसतं सांगून ते थांबत नाहीत. पुठ्ठ्यावर प्रत्येक रंगाचा पट्टा, अर्धा जाड आणि अर्धा पांढऱ्यात मिसळलेला, असा लावून त्याचा निम्मा भाग काळ्या कागदानं झाकतात आणि गच्चीवरच्या खिडकीत उन्हाळाभर ठेवतात. या वर्षीचा पुठ्ठा काढला तेव्हा मी तिथं होते. एका स्वस्त संचातला भडक गुलाबी उघड्या बाजूला इतका उतरला होता की सीमारेषा लांबून दिसत होती. ॲलिझरिनचा पांढऱ्यातला भाग फिकट पडलेला. क्विनाक्रिडोन, ओकर, अंबर, कॅडमियम यांच्यात मला फरक सापडला नाही. वर्गात आलेल्या प्रत्येकानं हा पुठ्ठा हातात घेऊन बघावाच, मगच रंग खरेदी करावेत.

त्याच दिवशी सरांनी व्हॅन गॉगच्या गुलाबांचं छापील चित्र दाखवलं. मे १८९० मध्ये, सेंट रेमीच्या रुग्णालयातून बाहेर पडायच्या आधी, त्यानं आयरिस आणि गुलाबांची चार मोठी चित्रं काढली. त्यातले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. मुळात ते गुलाबी होते. त्यानं वापरलेला तांबडा 'लेक' रंग, म्हणजे विरघळणाऱ्या रंगापासून बनवलेलं रंगद्रव्य, इओसिन नावाच्या कृत्रिम रंगापासून केलेला होता, तो उडून गेला. आयरिसही तसेच, त्यांच्यातला तांबडा गेला आणि जांभळ्याचे निळे झाले. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. फूल कोमेजलं ते कोमेजलं, पण चित्रकारानं जीव लावून पकडलेला गुलाबीही जावा, आणि तो ट्यूबमधल्या रंगामुळं जावा, हे आपल्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं. तेव्हापासून दुकानात नवी ट्यूब घेताना मी आधी क्रमांकच बघते.

जुन्या फुलचित्रकारांची बाकी ओळखही सर याच पद्धतीनं, गरजेपुरती करून देतात. ॲमस्टरडॅमची राखेल राइश (१६६४ ते १७५०) ही वनस्पती आणि शरीररचनेचा अभ्यास करणाऱ्याची मुलगी, ऐंशीच्या वर वय गेलं तरी फुलं रंगवत होती. तिच्या चित्रांत वाकलेल्या देठांकडं आणि किडीनं खाल्लेल्या पानांकडं सर बोट दाखवतात. एदुआर माने १८८३ मध्ये वारला, त्याआधी आजारपणात मित्रांनी आणलेले छोटे गुच्छ काचेच्या भांड्यात ठेवून तो रंगवायचा. काचेतल्या पाण्यात देठ कसे तुटक दिसतात ते त्या चित्रांवरून शिकायला मिळतं. आणि आबालाल. आबालालनी रंकाळ्याचा उजेड रंगवला, फुलं नव्हे. पण समोरचं बदलत असताना हात कसा चालवायचा हे त्यांच्या छोट्या निसर्गचित्रांत दिसतं, म्हणून टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन चित्रं बघून या असं सर सांगतात. मी मुलीला घेऊन गेले होते. तिला राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे संग्रहालय जास्त आवडलं, त्यातली पावडर शेडिंगची चित्रं विशेष.

आता तक्रारी.

पहिली, पार्श्वभूमी. फुलावर सर जितका जीव टाकतात तितका मागच्या जागेवर टाकत नाहीत. सगळ्यांच्या चित्रांना तोच गडद तपकिरी पडदा. पांढरं फूल त्यावर उठून दिसतं हे खरं, पण जास्वंदीचा काळपट जांभळा त्यात बुडून जातो. फिकट मागच्या भिंतीवर करून बघते म्हटलं तर "आधी हे नीट करा" असं उत्तर येतं. मी घरी फिकट राखाडीवर जास्वंद केली आणि ती वर्गातल्या जास्वंदीपेक्षा चांगली झाली, हे मी सरांनाही दाखवलंय. त्यांनी बराच वेळ बघितली, चांगली आहे म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पडदा तपकिरीच होता.

दुसरी, सर आपल्या कॅनव्हासवर हात मारतात. एखादी पाकळी बिघडत असली की ब्रश मागून घेतात आणि दुरुस्त करून देतात. जुन्या पद्धतीत हे चालत असेल, पण नंतर त्या चित्रातली सगळ्यात चांगली पाकळी आपली नसते. आमच्याबरोबर एक कॉलेजची मुलगी आहे, तिनं एकदा स्पष्ट सांगितलं, "सर, बाजूला करून दाखवा, माझ्यावर नको." सरांनी ते मानलं. तुम्हालाही नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे. माडीला उजेड चांगला पण हवा कमी. एकाच वेळी आठ-दहा लोकांनी टर्पेंटाइनच्या वाट्या उघडल्या की डोकं धरतं. दम्याच्या त्रासामुळं एका काकांना वर्ग सोडावा लागला. आता झाकणाच्या वाट्या सक्तीच्या केल्यात आणि दोन्ही बाजूंची दारं उघडी असतात, तरी पंख्यानं हवा बाहेर टाकायची सोय व्हायला पाहिजे. दुसऱ्या बाजूनं, तेलाच्या चिंध्यांच्या बाबतीत इथली शिस्त मी कुठंच बघितली नाही. जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निघते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा तसाच टाकला तर आपोआप पेटू शकतो. म्हणून इथं झाकणाचा पत्र्याचा डबा असतो, त्यात पाणी, आणि प्रत्येक चिंधी त्यातच. घरी रंगवणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

पावसाळ्याचं वेगळंच. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. अंबर त्यातल्या मँगनीजमुळं लवकर वाळतो, किरमिजी मात्र रविवारमागून रविवार चिकट. कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. चित्रं भिंतीकडं तोंड करून अंधारात रचून ठेवली तर जवसाचं तेल पिवळं पडतं आणि निशिगंधाचा पांढरा तुपाच्या रंगावर जातो; नंतर काही दिवस उजेडात ठेवलं की बराचसा परत येतो. चित्रं वाळत टाकायला माडीवर जागा अपुरी आहे. माझा सल्ला, पावसाळ्यात छोट्या बोर्डावर एका बैठकीत होणारी चित्रं करा आणि थरांचं मोठं काम दिवाळीनंतर घ्या.

निर्माल्याबद्दल लिहावं की नाही याचा मी विचार केला. सरांनी एकदा देवीच्या अंगावरून उतरलेला हार मागितला होता. त्यांचं म्हणणं चित्रकाराचं होतं. हारातली फुलं दोऱ्यात आवळलेली असतात, ती एकमेकांच्या ओझ्यानं वेगळीच सुकतात, एकेकट्या काडीवर ते दिसत नाही. सासूबाईंनी सरळ नाही म्हटलं. "वाहिलेलं ते देवीचं. त्याला परत मांडून बसायचं न्हाई." मला दोन्ही बाजू कळत होत्या, पण मी सासूबाईंच्या बाजूनं राहिले, आणि सरांनीही हट्ट केला नाही. आता दुकानात न खपलेला हार आम्ही दोऱ्यासकट तसाच टांगून ठेवतो आणि दोन दिवसांनी वर्गात नेतो. त्याची चित्रं या वर्गातली सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर होतात. दोरा जिथं फुलाच्या मानेला लागतो तिथं पाकळी आधी तपकिरी होते, आणि बाहेरची बाजू अजून पांढरी असते. माझा तसा हार अजून पुरा व्हायचाय.

कुणी जावं? ज्याला चित्र काढता येतं, निदान वस्तुचित्रण केलेलं आहे, त्यानं जरूर. अगदी कोरी पाटी असेल तर आधी कुठंतरी पेन्सिलीचं काम करून या. सर रेखाटन शिकवत बसत नाहीत आणि फूल तुमच्यासाठी थांबत नाही. भिंतीवर लावायला टवटवीत गुच्छ हवा असेल त्यांचं इथं मन रमणार नाही. शाळकरी मुलांना सर घेत नाहीत, टर्पेंटाइनमुळं, आणि ते बरोबर आहे.

सामान मोजकं लागतं. टायटॅनियम व्हाइट मोठी ट्यूब, पिवळा ओकर, रॉ सिएन्ना, रॉ आणि बर्न्ट अंबर, कॅडमियम यलो आणि रेड, पीव्ही १९, अल्ट्रामरीन, टेर व्हर्ट. पांढऱ्यात झिंक जास्त असलेला घेऊ नका, त्याचा थर ठिसूळ होऊन पुढं तडकतो. हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे) दोन-तीन फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचे चपटे ब्रश, एक बारीक, एक पॅलेट नाइफ. कॅनव्हास दहा बाय बारा इंचांच्या वर नको. एवढ्या साहित्यातला सगळ्यात मोठा खर्च कॅडमियमचा, तो दोघांत मिळून घेतला तरी चालतो, फुलात तो थोडाच लागतो. टर्पेंटाइन चित्रकलेच्या दुकानातलंच घ्या. हार्डवेअरमधल्या स्वस्त कॅनला वास उग्र असतो आणि त्यानं माडीवरच्या सगळ्यांना त्रास होतो. चित्र पूर्ण झालं तरी व्हार्निशची घाई नको, पातळ थराला सहा महिने आणि जाडाला वर्ष द्या.

गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत जात नाही. ओलं चित्र दुचाकीवरून न्यायचं तर दोन कॅनव्हास रंगाच्या बाजू आत करून, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून बांधावे लागतात. बुचं सरांकडं मिळतात, परत आणून द्यायची.

नवरात्र जवळ आलं की दसऱ्यापर्यंत मला वर्ग जमत नाही, दुकानातून मान वर करता येत नाही. वर्ग मात्र चालू असतो. घरी सरावाला उतरलेली फुलं हवी असतील तर रात्री दुकान आवरायच्या वेळेला या आणि कशासाठी हवीत ते सासूबाईंना आधी सांगा. सकाळी आलात तर सगळं खताच्या ढिगात गेलेलं असेल.